आकाशात बिघाड झाला, तर?

खालापूर, प्रतिनिधी - बोरघाट उतरणाऱ्या चालकाला एक मोठी सोय असते. काही खटकले, तर तो गाडी कडेला घेऊन थांबू शकतो. रेल्वेने तर या घाटात थांबण्याचे शास्त्रच उभारले आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र उतार आहे. वर चढताना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, खाली उतरण्यापूर्वी ब्रेक तपासतात, आणि एवढे करूनही गाडी सुटलीच तर तिला चढावर घालून थोपविण्यासाठी 'कॅच सायडिंग' ठेवलेली असते. विमानाला अशी सायडिंग नसते. बिघाड झाला की ते कडेला घेता येत नाही आणि उभेही करता येत नाही. जे काही करायचे ते उडता उडताच करावे लागते.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. मुंबईचा विमानतळ गाठण्यात अर्धा दिवस घालविणाऱ्या खालापूर, खोपोली, कर्जतच्या प्रवाशाला आता विमान पनवेलजवळ मिळते. साहजिकच 'विमानाचे आपत्कालीन लँडिंग' ही बातमी येथेही पूर्वीपेक्षा बारकाईने वाचली जाते. अशा बातमीत एक वाक्य हमखास असते - 'वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे मोठा अनर्थ टळला.' आम्ही वार्ताहर ते वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. ते खोटे नाही. पण त्यामुळे असा समज होतो की संकट आले की कुणा एका धीराच्या माणसाला एकदम काही तरी सुचते आणि विमान वाचते. प्रत्यक्षात वैमानिकांना शिकविले जाते ते नेमके याच्या उलट. सुचेल ते करू नका, ठरलेले करा, ठरलेल्या क्रमाने करा, आणि दोघांनी मिळून करा.

आधी विमान उडवा

हा क्रम तीन शब्दांचा आहे. आधी विमान उडवा, मग दिशा सांभाळा, मग बोला. वाचायला ते इतके सोपे वाटते की त्यासाठी प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मिळाले. ईस्टर्न एअरलाइन्सचे एक मोठे विमान मायामीला उतरत असताना पुढचे चाक खाली आल्याची खूण करणारा दिवा लागला नाही. चाक खाली आले होते. बल्ब तेवढा गेला होता. कॉकपिटमधील सगळेच त्या बल्बमागे लागले. दरम्यान स्वयंचलित नियंत्रणाची एक खिटी नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागले आणि ते कुणाच्याही लक्षात आले नाही. दलदलीत कोसळलेल्या त्या विमानात १७६ जण होते. त्यांतील १०१ जणांचा मृत्यू झाला. यंत्राने दगा दिला होता तो एका बल्बापुरता.

म्हणूनच आजच्या पद्धतीत बिघाडाची घंटा वाजताच पहिली गोष्ट ठरते ती ही, की विमान कोण उडवणार. एक वैमानिक फक्त उडवतो. दुसरा बिघाडाकडे पाहतो, पुस्तिका उघडतो, नियंत्रण कक्षाशी बोलतो. कामांची अदलाबदल करायची असेल, तर ती मोठ्याने बोलून करायची आणि दुसऱ्याने ती मोठ्यानेच स्वीकारायची.

विमान उडत राहणे हे सामान्य प्रवाशाला वाटते त्यापेक्षा सोपे असते, हेही येथे सांगायला हवे. जोड-इंजिनाचे प्रवासी विमान एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करू शकले पाहिजे, ही त्याला परवाना देतानाचीच अट असते. धावपट्टीवर एक ठराविक वेग ओलांडल्यावर इंजिन बंद पडले, तर वैमानिक थांबत नाहीत, उड्डाणच करतात. कारण त्या क्षणानंतर थांबणे अधिक धोक्याचे. दोन्ही इंजिने बंद पडली तरी विमान दगडासारखे खाली पडत नाही. पस्तीस हजार फुटांवरून ते तरंगत दीडशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे साधारण मुंबई-पुणे रस्त्याएवढे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅट कंपनीचे विमान इंधनगळतीमुळे अटलांटिक महासागरावर दोन्ही इंजिने गमावून बसले आणि सुमारे १९ मिनिटे नुसते तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. आतील ३०६ जण वाचले.

पाठ केलेले आणि वाचायचे

बिघाडांचे वैमानिकांच्या लेखी दोन प्रकार. काहींत वाचायला वेळ नसतो. इंजिनाची आग किंवा केबिनमधील हवेचा दाब जाणे ही त्यांतील ठळक उदाहरणे. त्यांच्या पहिल्या काही कृती तोंडपाठ असाव्या लागतात. बाकी सर्व बिघाडांसाठी कॉकपिटमध्ये तातडीची पुस्तिका असते, नव्या विमानांत ती यादी पडद्यावरच उमटते. एक जण वाचतो, कृती करतो, दुसरा पाहून दुजोरा देतो. या कृती दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून तपासल्या जातात. त्या चाचणीत नापास झालेल्या वैमानिकाला पुन्हा प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रवासी विमान नेता येत नाही.

इंजिनाला आग लागल्यास ओढायची मूठ दोन-तीन कामे एकदम करते. इंजिनाकडे जाणारे इंधन तोडते, हायड्रॉलिक द्रव तोडते, विजेचा संबंध तोडते. त्यानंतर विझवणाऱ्या वायूची कुपी सोडायची, थोडा वेळ थांबायचे, आग कायम असेल तर दुसरी सोडायची. इंधन तोडणे किती महत्त्वाचे आहे, हे मुंबईने फार जवळून पाहिले आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे मद्रासला निघालेले कॅरावेल जातीचे विमान सांताक्रूझहून उडताच त्याचे उजवे इंजिन निकामी झाले. इंजिनातील कॉम्प्रेसरच्या एका चकतीला धातू थकल्याने तडा गेला होता. ती फुटली, तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली आणि आग लागली. वैमानिकांनी विमान लगेच मागे फिरवले. पण इंजिनाकडे जाणारे इंधन बंद झाले नाही. आग पसरली, हायड्रॉलिक द्रव संपला आणि पंखांवरील व शेपटीवरील नियंत्रणे निकामी झाली. धावपट्टी समोर असताना विमान कोसळले. ९५ जणांपैकी कुणीही वाचले नाही. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यांतच होत्या.

यावरून घाईने मूठ ओढावी असा अर्थ कुणी काढेल, तर तोही धोक्याचा. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ कोसळलेल्या विमानाचे डावे इंजिन बिघडले होते आणि वैमानिकांनी उजवे बंद केले. धूर कमी झाला, म्हणून निदान बरोबर ठरले असे त्यांना वाटले. ४७ जणांचा बळी गेला. म्हणून आता मूठ ओढण्यापूर्वी एकाने तिच्यावर हात ठेवून इंजिनाचे नाव घ्यायचे, दुसऱ्याने पाहून होकार द्यायचा आणि मगच ओढायची, असा दंडक आहे. त्यासाठी लागणारे पाच-दहा सेकंद खर्च करणे परवडते. जुन्या वैमानिकांमध्ये एक समजूत आहे, की इंजिनाची आग लागली की आधी हात मांडीखाली दाबून बसावे आणि मग काय ते करावे. त्यातला विनोद सोडला, तरी शहाणपण उरतेच.

केगवर्थची आणखी एक बाजू आहे. डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना केबिनमधील अनेक प्रवाशांनी आणि काही कर्मचाऱ्यांनी पाहिल्या होत्या. कॅप्टनने मात्र उजवे इंजिन बंद केल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले. ऐकणाऱ्यांना ते खटकले, पण कॉकपिटपर्यंत कुणी गेले नाही.

एकशे एक सेकंद

मुंबईची दुसरी घटना १ जानेवारी १९७८ ची. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे कंपनीचे पहिले जम्बो जेट. १९७१ मध्ये ते आले तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले होते. त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ते दुबईला निघाले. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कुणीही हाती लागले नाही.

इंजिने धडधाकट होती. बिघडले होते एक उपकरण. विमान क्षितिजाच्या तुलनेत किती कलले आहे, हे दाखविणारे कृत्रिम क्षितिज कॅप्टनसमोर असते. समुद्रावर आल्यावर विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टन एम. एल. कुकर यांच्या समोरचे उपकरण उजवा कलच दाखवत अडकून राहिले. बाहेर काळोख, खाली काळे पाणी. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडलेले. खरे क्षितिज पाहून ताडून घ्यावे, तर दिसायला काही नाही. उपकरणावर विसंबून त्यांनी विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले. आधीच सरळ असलेले विमान डावीकडे कलंडत गेले. शेवटी तो कल १०८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे एक पंख जवळजवळ खाली पाण्याकडे आणि विमान उलटण्याच्या बेतात.

सहवैमानिकासमोर असेच दुसरे उपकरण होते. मधोमध तिसरे, राखीव होते. तिन्ही ताडून पाहिली असती, तर एक खोटे बोलते आहे, हे उघड झाले असते. कॉकपिटमधील बोलण्यात मात्र गोंधळ झाला; दोन्ही मुख्य उपकरणे कोलमडली आहेत असा समज झालेला दिसतो. फ्लाइट इंजिनिअरने त्या उपकरणावर जाऊ नका, असे सांगितले तेव्हा पाणी काही सेकंदांवर आले होते. चौकशीत ठपका उपकरणाच्या बिघाडाइतकाच, किंबहुना अधिक, इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता न आल्यावर ठेवला गेला.

या घटनेकडे 'वैमानिकाची चूक' म्हणून पाहणे सोपे आहे. प्रस्तुत वार्ताहराला मात्र तीत वेळेचा हिशेब अधिक बोलका वाटतो. उपकरण अडकल्यापासून पाण्यापर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ होता. तेवढ्या वेळात तीन अनुभवी माणसांनी एकमेकांचे ऐकून, पाहून, एका निष्कर्षावर यायचे, हे आधी सवय घातल्याशिवाय होणारे नाही. त्या काळात तशी सवय घातलीच जात नव्हती. कॅप्टन हा जहाजाच्या कप्तानासारखा सर्वाधिकारी, बाकीचे हुकूम पाळणारे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकाच्या बिघाडात गुंतून राहिल्याने इंधन संपून पडले आणि दहा जण दगावले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते. ते पुरेशा ठामपणे बोलले नाहीत. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर वैमानिक व तज्ज्ञांना एकत्र बसवले. त्यातून पुढे आलेल्या शिक्षणाला 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणतात आणि आज जगभरच्या कंपन्यांत ते सक्तीचे आहे. कनिष्ठाने वरिष्ठाला कसे टोकावे, एकदा सांगून ऐकले नाही तर दुसऱ्यांदा कोणत्या शब्दांत सांगावे आणि तरीही उपयोग झाला नाही, तर नियंत्रण कधी हाती घ्यावे, हे सारे त्यात शिकवतात. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, असे संस्कार घेऊन वाढलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा धडा यंत्राच्या धड्यापेक्षा जड जात असावा. 'सर' म्हणत म्हणतच 'सर, हे चुकते आहे' म्हणायचे असते.

पडद्यामागे काय चालते

कॉकपिटचे दार बंद असते. पलीकडे काय चालले आहे, ते प्रवाशांना केबिन कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून वाचावे लागते, आणि तो चेहरा शांत ठेवणे हेही त्यांचे काम. कॅप्टन मुख्य कर्मचाऱ्याला बोलावून चार गोष्टी सांगतो. काय झाले आहे, काय करणार आहोत, किती वेळ आहे, काही विशेष सूचना आहेत का. ऐकणाऱ्याने त्या चारही परत म्हणून दाखवायच्या. मग ट्रॉल्या बंदिस्त होतात, सैल सामान आवरले जाते, खुर्च्यांच्या पाठी सरळ करायला लावतात, दाराशेजारी धडधाकट प्रवाशांना बसवतात.

हवेचा दाब गेला, तर मात्र सांगण्यापूर्वीच मुखवटे खाली पडतात. केबिनमधील दाब १४ हजार फुटांच्या उंचीएवढा विरळ झाला की ते आपोआप सुटतात. त्यातील प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटे पुरतो, आणि ते पुरेसे असते. कारण तेवढ्या वेळात वैमानिक विमान वेगाने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतात. हा वेगवान उतार पाहून विमान पडते आहे असे प्रवाशांना वाटते. ते मुद्दाम उतरवलेले असते. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखण्याचे बटण चालू करायचे राहून गेले. सुमारे तीस प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. मुखवटे खाली आले आणि विमान मुंबईला परत आणले गेले. 'आधी स्वतःचा मुखवटा, मग मुलाचा' या सूचनेवर पुष्कळ पालक मनातून रागावतात. पस्तीस हजार फुटांवर शुद्ध टिकण्याचा काळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा असतो. तेवढ्यात आई बेशुद्ध पडली, तर मुलाचा मुखवटा लावायला कुणी उरत नाही.

उतरल्यावर विमान रिकामे करायचे ठरले, तर निम्मी दारे बंद असताना सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमानाला परवाना देताना करून दाखवावे लागते. त्या चाचणीत कुणी वरच्या कप्प्यातून बॅग काढत नाही. खऱ्या अपघातांत लोक हमखास काढतात.

'फुल इमर्जन्सी' म्हणजे काय

संकटाची वर्दी देण्याचेही दोन दर्जे आहेत. प्राणांवर बेतले असेल, तर 'मेडे' हा शब्द तीनदा. बिघाड गंभीर, पण धोका तत्काळ नसेल, तर 'पॅन पॅन' तीनदा. १६ जुलै २०२५ च्या रात्री दिल्लीहून गोव्याच्या मोपा विमानतळाकडे निघालेल्या इंडिगोच्या विमानाचे एक इंजिन बिघडले. वैमानिकाने 'पॅन पॅन' दिला आणि विमान मुंबईला सुखरूप उतरवले. गोवा जवळ आलेले असताना मुंबई का, असा प्रश्न तेव्हा काहींना पडला होता. अशा वेळी वैमानिक केवळ अंतर पाहत नाहीत. धावपट्टीची लांबी, हवामान, अग्निशमन दल, दुरुस्तीची सोय हे सारे तोलतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तेथे एक विमान अडकले की दोन्हींचा खोळंबा होऊ शकतो. जवळच नवी मुंबईची ३७०० मीटरची धावपट्टी आल्याने या भागात वैमानिकाच्या हाती आणखी एक पर्याय आला आहे.

विमानतळावर 'फुल इमर्जन्सी' पुकारली, असे बातमीत आले की घरोघरी धसका बसतो. तिचा अर्थ एवढाच, की बंब, रुग्णवाहिका, डॉक्टर विमान उतरण्यापूर्वीच धावपट्टीलगत येऊन उभे राहतात. एरवीही धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पोहोचण्याचे बंधन या बंबांवर असतेच.

उतरण्याची घाई नेहमीच केली जाते असेही नाही. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा उड्डाणानंतर बिघडली. शारजापर्यंतचे इंधन पोटात असल्याने विमान जड होते आणि बोइंग ७३७ ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते. दोन-अडीच तास ते शहराभोवती घिरट्या घालत राहिले. दूरचित्रवाणीवर तो थरार म्हणून दाखवला गेला. आत मात्र इंधन जाळून वजन कमी करण्याचे ठरलेले काम चालले होते. आतील १४१ प्रवासी सुखरूप उतरले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर ६ मे २०२१ ची घटना आवर्जून आठवावी अशी. नागपूरहून रुग्णाला घेऊन उडालेल्या छोट्या हवाई रुग्णवाहिकेचे एक चाक उड्डाणाच्या वेळी निखळून पडले. जमिनीवरील सुरक्षा जवानाने ते पाहिले आणि कळवले. वैमानिकांपर्यंत माहिती पोहोचली. कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान मुंबईला आणले. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, चाके न काढता विमान पोटावर उतरवण्यात आले. रुग्णासह पाचही जण सुरक्षित राहिले. प्रसंगावधान या शब्दात त्या जवानाचाही वाटा धरायला हवा.

अशा प्रसंगांचा सर्वांत तपशीलवार नमुना मात्र ४ नोव्हेंबर २०१० चा, सिंगापूरचा. क्वांटासच्या दुमजली ए-३८० विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी पंखातील तारा, नळ्या, टाक्या छेदल्या. पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांगच लागली. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी विमान सिंगापूरजवळ फिरत ठेवले आणि सुमारे पन्नास मिनिटे एकेक सूचना वाचून निकालात काढली. काही सूचना पाळल्या, तर नुकसान वाढेल असे दिसले. त्या सर्वांनी चर्चा करून बाजूला ठेवल्या. उतरण्यापूर्वी हवेतच विमान मंद करून ते ताब्यात राहते का, हे तपासले. मग ते उतरले आणि धावपट्टी संपायला शे-दीडशे मीटर उरले असताना थांबले.

खरा पेच त्यानंतर आला. पंखातून इंधन गळत होते. खाली ब्रेक तापून लाल झाले होते. आणि तारा तुटल्याने पहिल्या क्रमांकाचे इंजिन बंदच होईना. घसरगुंड्या उघडून ४४० प्रवाशांना बाहेर काढायचे, तर ते इंधनावर, चालत्या इंजिनासमोर उतरणार. आतच ठेवायचे, तर आगीची भीती. अग्निशमन दल फेस आणि पाणी मारत राहिले, केबिन कर्मचारी दाराशी सज्ज उभे राहिले आणि कॅप्टनने प्रवाशांना आतच थांबवले. बऱ्याच वेळाने एका बाजूच्या एकाच दाराला जिना लावून त्यांना ओळीने उतरवण्यात आले. ते इंजिन सुमारे तीन तास चालत राहिले. विमानातील ४६९ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही आणि आपत्कालीन घसरगुंड्या एकदाही उघडाव्या लागल्या नाहीत.